उत्तरेची भिंत

आमच्या घरातले पाहुण्यांना सर्वांत जास्त काय आवडते, तर उत्तरेची भिंत. पुण्याहून येणारे मित्र गाडीतून उतरले की पडवीत टेकण्याआधी घराला वळसा घालतात आणि तिच्यासमोर जाऊन उभे राहतात. काळ्या घडीव दगडाचे थरावर थर आणि सांधे इतके बारीक की नख शिरणार नाही. मावळतीचे ऊन तिच्यावरून तिरपे सरकू लागले की दगडावरचा छिन्नीचा प्रत्येक घाव उठून दिसतो. आता या भिंतीत एक दार आहे, आणि ते पाहून पाहुणे हळहळतात. इतकी अखंड भिंत असताना मधेच दार का फोडले, असे विचारतात. मी स्वयंपाकघरातल्या वाऱ्याचे काहीतरी कारण सांगतो. ते खरे नाही.

आमची वस्ती नगरहून जामखेडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून बरीच आत आहे. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले. बोलताना मात्र आमच्या तोंडी अजून नगरच येते. वस्ती म्हणजे गावापासून लांब, शेतातच बांधलेले घर. तेथे माझे थोरले भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी राहतात. स्लॅबचे घर, पुढे पत्र्याची सावली, बाजूला गोठा, कडब्याची गंज, बोअर आणि एक जुने लिंबाचे झाड. मी शिकून पुण्यास गेलो आणि पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढण्यात माझी सारी नोकरी गेली. वाटणी झाली तेव्हा दादा स्वतःहून म्हणाले होते की, वरचा उंचवटा तू घे, मुरमाड आहे, पिकणार काही नाही, पण घर बांधायला त्याच्यासारखी जागा नाही. त्या उंचवट्यावरून दक्षिणेला आणि पश्चिमेला बालाघाटाच्या टेकड्या दिसतात. उत्तरेला, एक बांध ओलांडला की, दादांचे घर.

मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि मी घराच्या मागे लागलो. तयार नकाशातले घर मला नको होते. प्रत्येक कोपरा आपण जगतो त्या मापाचा असावा, अशी माझी इच्छा होती. एका तरुण आर्किटेक्ट बाईंकडे काम दिले. त्या पहिल्या भेटीत रेघसुद्धा न ओढता नुसते प्रश्न विचारत बसल्या. सकाळचा चहा कोठे घेता, पुस्तक वाचताना पाय वर घेऊन बसता का, पाऊस बघायला आवडतो की नुसता ऐकायला. इतक्या आस्थेने माझ्या सवयींची चौकशी आजवर कोणी केली नव्हती, आणि खरे सांगायचे तर मी त्या चौकशीने सुखावलो. भरभरून बोललो. त्या ओघात वस्तीवरच्या एका रिवाजाबद्दलही बोललो असणार, कारण त्यांच्या पहिल्या आराखड्यात तो उतरला होता.

रिवाज असा, की वस्तीवर पुढचे दार पाहुण्यांसाठी. सोयरे, तलाठी, मते मागायला आलेली मंडळी पुढून येतात. त्यांच्यासाठी खुर्ची मांडली जाते, तांब्याभर पाणी येते. घरचा माणूस मागून येतो, चुलीपाशी उघडणाऱ्या दाराने. मी कॉलेजात असताना सुटीला आलो की पिशवी खांद्यावर टाकून सरळ मागच्या दाराने शिरत असे. वहिनी तेव्हा नव्यानेच घरात आल्या होत्या. त्या तव्यावरची भाकरी सोडून मान वर करीत नसत. मागे न बघता हाताने पाट सरकवत आणि म्हणत, "बसा." एवढेच. कधी आलात, कसे आहात, यांतले काही नाही. सकाळी शेतात गेलेला माणूस दुपारी परत यावा, तसे ते येणे असे.

तर आर्किटेक्ट बाईंनी स्वयंपाकघर उत्तरेला घेतले होते. त्याला एक बुटके रुंद दार, दाराबाहेर दोन माणसे बसतील असा दगडी कट्टा, आणि कट्ट्यापासून बांधापर्यंत ठिपक्यांची एक रेघ. ती पायवाट होती. इथून तुमच्या वहिनी येतील ना, असे त्यांनी विचारले.

मी पेन्सिल घेतली आणि त्या दारावर फुली मारली.

कारण विचारल्यावर मी म्हणालो की त्या बाजूला गोठा आहे, वास येतो, माश्या येतात. त्यांनी हळूच सुचवले की उत्तरेचा उजेड स्वयंपाकघराला फार चांगला, शांत असतो. मी म्हणालो, उजेड छपरातून घ्या, ही बाजू पूर्ण बंद ठेवा. मग त्या कामाला लागल्या.

गोठ्याचा वास हे कारण खोटे नव्हते. पण मी लहानाचा मोठा त्याच वासात झालो, आणि मला त्याचा त्रास कधीच झाला नव्हता. मग फुली कशासाठी मारली, याचा विचार मी अलीकडे पुष्कळ केला आहे. मला वाटते, पडवीत बसलेल्या मित्रांना टेकड्या दिसाव्यात आणि निळे ताडपत्रीचे तुकडे, उकिरडा, फाटके पत्रे दिसू नयेत, असे मला वाटत होते. हे त्यातल्या त्यात वरवरचे. त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. उत्तरेला खिडकी ठेवली असती, तर मी आरामखुर्चीत पुस्तक घेऊन बसलेला असताना माझ्याहून थोरला भाऊ कांद्याला पाणी धरताना मला रोज दिसला असता. ते मला नको होते. डोळे मिटण्याऐवजी मी भिंत बांधली.

आणि ती सुंदर व्हावी म्हणून जिवाचे रान केले. आराखड्यातले दार वगळल्यावर उरलेला एवढा लांब बंद भाग ओका वाटू नये, यासाठी बाईंना घेऊन मी खर्ड्याला गेलो. किल्ल्याच्या तटाखाली आम्ही कितीतरी वेळ उभे होतो. कोणता दगड कोणत्यावर कसा टेकला आहे, थराची उंची वर जाताना कशी कमी होते, हे त्यांनी मला बोट ठेवून दाखवले. मी भारावून गेलो होतो. आपल्या घराची भिंत अशीच हवी, असे मी म्हणालो. तट कशासाठी बांधतात, हे त्या वेळी माझ्या मनाला शिवलेसुद्धा नाही.

आखणीच्या दिवशी फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढायला दादा आले होते. आमच्यात पहिली खुंटी थोरल्याच्या हातून ठोकतात. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली, नारळ फोडला, खुंटी ठोकली आणि दोरीचे एक टोक हातात धरून उभे राहिले. नकाशा त्यांनी पाहिला नव्हता. जमिनीवरच्या रेघांवरून ते घर वाचत होते. ही पडवी का, ही देवाची खोली का, असे विचारीत विचारीत ते उत्तरेच्या रेघेपाशी आले.

"दार कुनीकडं?"

"पूर्वेला. रस्त्याच्या बाजूनं."

"आन् हिकडं?"

"इकडं भिंत आहे, दादा."

त्यांनी बांधापलीकडे आपल्या घराकडे एकदा पाहिले. वहिनी तेथे लिंबाखाली काहीतरी निवडत बसल्या होत्या. "बरं," असे म्हणून त्यांनी दोरी ताणून धरली, कारण गवंडी ती ताणून धरा म्हणून केव्हाचा सांगत होता.

बांधकाम चालू असता मी पंधरवड्यातून एकदा पुण्याहून येई. मधल्या काळात कामावर लक्ष ठेवायला दादाच होते. चढत्या भिंतीला सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे लागते, नाही तर सांध्यातला माल कच्चा राहतो. गवंडी लोक या कामात चालढकल करतात, म्हणून दादांनी आपल्या बोअरवरून नळी ओढली आणि ते स्वतः पाणी मारू लागले. उन्हाळ्यात बोअरचे पाणी आटत आले, तेव्हाही त्यांनी भिंतीचे पाणी चुकू दिले नाही. जनावरांसाठी लावलेला आपला घास थोडा वाळू दिला. एकदा मी आलो तर ते नळी धरून उभे होते आणि हसत होते.

"गावात काय म्हनत्यात ठाऊक हाय का? म्हनं, धाकट्यानं किल्ला बांधलाय आन् थोरला त्याला पानी घालतोय."

मीही हसलो. त्या विनोदात मला माझ्या दगडांचे कौतुक ऐकू आले. दुसरे काही त्यात असेल, असे मी धरलेच नाही.

घर झाले. खरोखर देखणे झाले, हे आजही नाकारता येत नाही. मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर, सागवानी खांबांची पडवी, लाल कोब्याची थंडगार जमीन, वाचायच्या खोलीत खिडकीलाच केलेली बैठक. त्या बैठकीची उंची माझ्या गुडघ्याचे माप घेऊन ठरवली होती. वास्तुशांतीला पुण्याची मंडळी आली, गावची आली. आमच्या घराण्यात नव्या घराचे पहिले विरजण थोरल्या घरातून येते. ते घेऊन वहिनी निघाल्या, आणि सवयीने पायवाटेने, सरळ. पायवाट भिंतीपाशी येऊन संपली. नवे लुगडे नेसून, हातात झाकलेले भांडे घेऊन त्या भिंतीसमोर क्षणभर थांबल्या, मग उरलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यातून वाट काढीत घराला वळसा घालून पूर्वेच्या दाराशी आल्या. मला यातले काही दिसले नाही. दिसणार कोठून, त्या बाजूला खिडकीच नव्हती. माझी पत्नी पाण्याच्या टाकीपाशी उभी होती, तिने पाहिले आणि फार नंतर मला सांगितले. दारात मी त्यांचे स्वागत केले. या, या, असे म्हणालो. वहिनींना मी त्याआधी कधी 'या' म्हटले नव्हते.

पुढे त्या अधूनमधून ताक घेऊन येत, कधी मेथीची जुडी, कधी हुरडा. घराला वळसा घालत, बेल वाजवत. दार उघडले तरी आत पाऊल टाकत नसत; चपला काढून, पदर सारखा करून, बोलावण्याची वाट पाहत उभ्या राहत. काही महिन्यांनी त्यांनी आधी फोन करायला सुरुवात केली. भावजी, घरी हाय का, मोकळे हाय का, मग येते. पत्नी एके दिवशी म्हणाली, "अहो, वहिनी हल्ली फोन करून येतात, लक्षात आलं का तुमच्या?" मी म्हणालो, हो, चांगलेच आहे की, आपल्याला सोयीचे. ती भाजी चिरत राहिली. माझे ते उत्तर आठवले की अजूनही मला खाली बघावेसे वाटते.

गेल्या वर्षी वळवाच्या वाऱ्यात दादांच्या गोठ्याचे पत्रे उडाले. पुढचे काही दिवस भिंतीपलीकडून ठोकाठोकीचा आवाज येत होता. दादा पत्रे बसवत असतील, असे समजून मी आत वाचत बसलो. मदतीला जावे असे वाटले नाही असे नाही. पण उन्हात घराला वळसा घालून, बांधावरून जायचे, म्हणून आज-उद्या करीत राहिलो. मग एका संध्याकाळी फिरायला निघालो असताना सहज त्या अंगाला गेलो, आणि थबकलो. दादांचे घर दिसत नव्हते. बांधाच्या पलीकडे सिमेंटच्या ठोकळ्यांची एक उंच, सलग, गिलावा न केलेली भिंत उभी होती. पूर्वी गोठ्याचे तोंड आमच्याकडे होते. गायी मान वर करून आमच्या उंचवट्याकडे बघत रवंथ करीत. आता ती गोठ्याची पाठ होती, पायवाटेच्याही पुढपर्यंत आलेली.

माझ्या मनात प्रथम जे आले, तेही लिहायला हवे. हे किती कुरूप दिसते, असे आले.

वळसा घालून पलीकडे गेलो तर दादा गव्हाणीत कडबा टाकत होते. गोठा फिरवला का, असे मी विचारले.

"व्हय. तोंड वर केलं, उत्तरंला. तुमच्याकडं वास यायचा, माश्या यायच्या."

"पण उत्तरेचा वारा, दादा. थंडीत जनावरांना लागेल."

"लागंल थोडा. गोनपाट लावतो म्होरं."

"मी कधी म्हणालो होतो, वास येतो म्हणून?"

दादांनी हातातली पेंढी सोडली, आणि मला समजावून सांगावे तसे म्हणाले, "म्हनायला कशाला लागतंय? एवढी भिंत घातलीस तू. आमाला कळत न्हाई व्हय?"

त्यांच्या आवाजात टोमणा असता तर मला बोलता आले असते. टोमणा नव्हता. धाकट्या भावाला काय हवे आहे ते ओळखून, त्याने न मागता ते करून दिले, एवढेच त्यांच्या चेहऱ्यावर होते. जनावरांना थंडी वाजेल हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होते, आणि तरी त्यांनी गोठा फिरवला होता. माझ्या भिंतीचा त्यांनी लावलेला अर्थ बरोबर होता. मी मात्र तो स्वतःपाशीसुद्धा कधी उच्चारला नव्हता. अंधार पडेपर्यंत मी तेथे उभा होतो. गायींच्या पाठीवर हात ठेवून काहीबाही बोललो आणि परत आलो. परतताना बांधावरून माझे घर पाहिले. दादांना आणि वहिनींना ते रोज जसे दिसत होते, तसे मी ते पहिल्यांदा पाहत होतो.

आर्किटेक्ट बाईंना फोन केला. त्यांनी का म्हणून विचारले नाही. दार कोठे, एवढेच विचारले. पायवाट जेथे भिंतीला मिळते तेथे, असे मी सांगितले. दादांना सांगायला गेलो तर ते चांगलेच नाराज झाले.

"फोडू नको रं. पानी मारून मारून पक्की केलीय ती म्या."

त्यांचा तो उन्हाळा, आटलेली बोअर, वाळलेला घास, सारे त्या सांध्यांत मुरले होते. दार फोडायचे म्हणजे मला त्यांच्या श्रमांवरच छिन्नी चालवायची होती. ती चालवली. दगड सहजी निघेनात; पाणी खरेच चांगले मारले गेले होते. गवंडी घाम पुसत म्हणाला की इतका मुरलेला माल त्याने बघितला नाही. दादा येऊन उभे राहिले होते, त्यांनी ते ऐकले आणि त्यांना बरे वाटले असावे. निघालेले दगड त्यांनी एकेक करून बाजूला लावले. वाया घालवू नको, माझ्या हौदाखाली टाकतो, असे म्हणाले. नेतानाही त्यांनी मला हात लावू दिला नाही. तुला सवय नाही, कंबर धरेल, म्हणाले.

दार बाभळीचे केले. रुंद, बुटके, पहिल्या आराखड्यात होते तसेच. बाहेर कट्टाही केला. ज्या दिवशी बिजागऱ्या बसल्या, त्या दिवशी सकाळी मी ते उघडले आणि पायवाटेने निघालो. समोर गोठ्याची पाठ होती. तिला वळसा घालावा लागतो. घातला, आणि दादांच्या घराच्या मागच्या दारी जाऊन उभा राहिलो. वहिनी गॅसवर भाकऱ्या करीत होत्या. माझी चाहूल लागताच त्यांनी तवा उतरवला, गडबडीने उठल्या, पदर डोक्यावर घेतला.

"अगं बाई, भावजी, हिकडून कशाला? पुढून या की. अहो, खुर्ची टाका भावजींना."

"वहिनी, पाट द्या. इथंच बसतो."

"पाट कसला आता. कपडे खराब व्हत्याल तुमचे."

दादांनी बाहेरून लाल प्लास्टिकची खुर्ची आणली, खांद्यावरच्या टॉवेलने पुसली आणि पुढच्या सावलीत मांडली. पाण्याचा तांब्या आला. चहा कपबशीत आला, फुलांच्या नक्षीची, काचेच्या कपाटातून काढलेली. कसे आहात, बरे आहे ना, सगळे विचारून झाले. मी माझ्याच भावाच्या घरी पुढच्या दारात पाहुणा म्हणून बसलो होतो, आणि त्यांच्या आदरातिथ्यात कोठेही उणे नव्हते. तेच सोसवत नव्हते.

तेव्हापासून मी रोज सकाळी त्या दाराने जातो. आतली कडी मी काढूनच टाकली आहे. वहिनी आमच्याकडे येताना अजूनही फोन करतात. पण येतात त्या आता पायवाटेने, आणि कट्ट्यावर ताकाचे भांडे ठेवून हाक मारतात. आत येत नाहीत. थंडीत दादांनी गोठ्याला गोणपाट लावले, तेव्हा दुसरे टोक मी धरले. गोठा पुन्हा फिरवू या, असे मी दोनदा सुचवून पाहिले. आता राहू दे, म्हणाले, जनावरांनाही सवय झाली.

खुर्ची रोज मांडली जाते. मी रोज नको म्हणतो. काल चहा मात्र स्टीलच्या पेल्यात आला, कडेला पोचा असलेल्या, घरात रोज वापरतात त्या. वहिनींच्या ते लक्षात आले की नाही, कोण जाणे. खुर्ची होतीच. तिच्यावर बसून, पेला दोन्ही हातांत धरून, मी तो चहा सावकाश प्यालो.